भुरीच्या माहेरी

वाइन चाखायला म्हणून गाडी थांबवली होती. टेस्टिंग रूमच्या दारात एक मुलगी हसून आमची वाट पाहत उभी होती, आणि दादा तिच्याकडे पाठ करून सरळ वेलींच्या ओळीत शिरला. वाकला, खालच्या एका पानावरून बोट फिरवलं, बोटाला लागलेली पांढरट पूड उजेडात धरून पाहिली.

"आहे गं इथेही," तो म्हणाला. "भुरी."

द्राक्षवेलीचा हा बुरशीचा रोग, पण सातासमुद्रापार गाववाला भेटावा तसा त्याचा चेहरा झाला होता.

पिंपळगाव बसवंतजवळ दादाची आठ एकर बाग आहे. पस्तीस वर्षं तो द्राक्षं पिकवतोय आणि त्याच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. म्हणजे द्राक्षातला जाणकार आणि दारूचा थेंबही न शिवणारा. असा माणूस सोबत घेऊन तीन दिवस वायनऱ्या हिंडायच्या, ही कल्पना त्याच्या मुलीची. ती इथाकाला कॉर्नेल विद्यापीठात संशोधन करते. सप्टेंबरचा मध्य होता. घटस्थापनेच्या आत घरी परतायचं आणि मग छाटणी धरायची, या बोलीवर दादा निघाला होता.

न्यूयॉर्क म्हटलं की आपल्याला उंच इमारती दिसतात. पण त्याच नावाच्या राज्यात, त्या शहरापासून गाडीने चार-साडेचार तासांवर, अकरा लांबुळकी तळी उत्तर-दक्षिण एकमेकांशेजारी पसरली आहेत. नकाशावर ती बोटांसारखी दिसतात म्हणून या भागाचं नाव फिंगर लेक्स. इथे पूर्वी नद्यांची खोरी होती. हिमयुगात उत्तरेकडून सरकत आलेल्या बर्फाने ती खरवडून खोल केली आणि बर्फ वितळल्यावर मागे पाणी राहिलं. सगळ्यांत खोल सेनेका तळं १८८ मीटर खोल आहे. त्याचा तळ समुद्रसपाटीच्याही खाली जातो, हे ऐकून मला काठावरून खाली बघताना उगाच गरगरलं. हा खोलीचा आकडा पुढे तीन दिवस पुन्हापुन्हा कामाला येणार होता.

इथाका सोडून आम्ही कायुगा तळ्याच्या पश्चिम काठाने निघालो. वाटेत टॉघॅनॉकचा धबधबा लागतो. सुमारे ६५ मीटरची एकच उडी. उंचीने नायगाराहून जास्त. मात्र सप्टेंबरात त्याची धार आपल्याकडच्या दिवाळीनंतरच्या धबधब्यासारखी रोडावलेली होती. समोर पलीकडच्या काठावर एक कारखाना दिसत होता. भाची म्हणाली, "आत्या, ती मिठाची खाण. बोगदे या तळ्याच्या खालून जातात." वर पांढऱ्या शिडाच्या होड्या डुलत होत्या आणि खाली सहा-सातशे मीटरवर माणसं मीठ फोडत होती. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता, तो आटून मिठाचे थर राहिले. ते मीठ हिवाळ्यात रस्त्यावरचं बर्फ वितळवायला वापरतात.

गावांच्या पाट्या वाचताना करमणूक होते. ओव्हिड, रोम्युलस, हेक्टर, युलिसीस, आणि इथाका तर आहेच. कुणा ग्रीक-लॅटिनच्या मास्तरांनी वर्गाची हजेरी मांडावी तशी गावं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धानंतर सरकारकडे सैनिकांना द्यायला पैसे नव्हते, तेव्हा या भागातली जमीन वाटली गेली. मोजणी झाली, तुकडे पडले आणि त्या तुकड्यांना अशी अभिजात नावं लागली. पण मोजणीच्या आधी इथे कोण होतं? तळ्यांची नावं बदलली नाहीत, त्यात उत्तर आहे. कायुगा आणि सेनेका ही हौडेनोशौनी संघातल्या दोन राष्ट्रांची नावं. त्यांच्याकडे मी शेवटी येईन, कारण रस्ताही आम्हाला तिथे शेवटीच घेऊन गेला.

भुरीचं पान सापडलं ते सेनेकाच्या पूर्व काठावर, हेक्टरजवळ. या पट्ट्याला स्थानिक लोक थट्टेने 'बनाना बेल्ट' म्हणतात. केळं अर्थातच एकही नाही. पण आसपासच्या मानाने इथली हवा उबदार, म्हणून ते नाव. दादाला प्रश्न पडला होता की जिथे सहा महिने हाडं गोठतात तिथे युरोपातली नाजूक द्राक्षं जगतात कशी? बागेच्या मालकाने त्याला तळ्याकडे तोंड करून उभं केलं आणि हातानेच उतार दाखवला. उन्हाळाभर हे खोल पाणी ऊन पिऊन घेतं. हिवाळ्यात ते गोठत नाही. साठवलेली ऊब हळूहळू सोडत राहतं. थंड हवा जड असल्यामुळे उतारावरून घरंगळत खाली जाते, वेलींपाशी थांबत नाही. वसंतात उलटं घडतं. पाणी अजून थंडगार असतं, त्यामुळे काठावरच्या वेली उशिरा फुटतात आणि उशिराच्या कडाक्यातून वाचतात. म्हणून बागा फक्त उतारावर, तळ्याचं पाणी दिसेल एवढ्या अंतरात. जरा वर पठारावर गेलं की मका आणि गोठे.

"आणि तरीही थंडी आली तर?" भाचीने दादाचा प्रश्न इंग्रजीत केला.

मालकाने १८ मे २०२३ ची तारीख सांगितली. फुटलेले कोंब एका रात्रीत काळे पडले होते. दादा काही बोलला नाही. मार्चमधल्या गारपिटीच्या त्याच्याही तारखा आहेत, आणि त्याही त्याला अशाच तोंडपाठ आहेत.

इथल्या बागेची रीतही त्याने बारकाईने पाहिली. आपल्याकडे मांडव नाहीतर 'वाय'च्या आकाराचा आधार. इथे तारांवर उभी भिंत केल्यासारख्या वेली. आपल्याकडे वर्षात दोन छाटण्या, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची फळछाटणी, कारण आपली वेल थंडीत अशी गाढ झोपत नाही. तिचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून छाटून त्यांना औषध लावावं लागतं. इथली वेल थंडीत चार-पाच महिने मेल्यागत पडून असते आणि छाटणी एकदाच. एकेका वेलीला दोन-दोन, तीन-तीन खोडं ठेवलेली होती. थंडीने एक मेलं तर दुसरं हाताशी असावं म्हणून. आणि हिवाळ्याच्या तोंडाशी नांगर फिरवून खोडांना मातीची भर लावतात, जिथे कलम बांधलेलं असतं तो सांधा झाकेपर्यंत. उसाला भर लावतात तशी वेलीला भर! दादाने मोबाइल काढून गावी व्हॉट्सॲपवर सविस्तर निरोप पाठवला.

आत मात्र त्याची पंचाईत झाली. चाखण्याची पद्धत अशी, की लहान लहान पेल्यांत पाच-सहा वाइन एकामागून एक देतात. गिळायची नसेल तर थुंकायला काउंटरवर भांडं ठेवलेलं असतं. चक्क पिकदाणी! इथली राणी म्हणजे रीसलिंग, मूळची जर्मनीची पांढरी द्राक्षं. मी चाखली. आधी हिरव्या सफरचंदाची आंबट चुणूक, मागून लिंबाच्या सालीचा कडवटपणा, आणि गोडी असेल-नसेल एवढीच. वाइन गोडच असते हा माझा समज पहिल्याच घोटाला गेला. दादासाठी भाचीने द्राक्षाचा रस मागितला. त्याने तो हुंगला आणि डोळे मिटले. "हा वास बंगळुरूला आला होता बघ, लग्नाला गेलो तेव्हा. बंगलोर ब्लूचा."

तो चुकला नव्हता. रस होता कॉनकॉर्ड नावाच्या निळ्या-काळ्या अमेरिकन द्राक्षांचा. आपली बंगलोर ब्लू ही इझाबेला जातीचीच मानली जाते, आणि इझाबेलाही अमेरिकन रक्ताची. तो कस्तुरीसारखा दाट, किंचित उग्र वास या कुळाची खूण आहे. युरोपीय जाणकार त्याला नाक मुरडतात. आणि गंमत म्हणजे अमेरिकेत द्राक्षाचा रस बाटलीत आला तो दारूबंदीच्या कळकळीतून. थॉमस वेल्च नावाच्या मेथॉडिस्ट दंतवैद्याने १८६९ साली चर्चमधल्या विधीला दारू नको म्हणून रस तापवला, आंबणं थांबवलं आणि बाटल्या भरल्या. "म्हणजे आपल्यातलाच," दादा म्हणाला आणि आणखी एक पेला मागवला. वाइन नितळ करायला काही ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक किंवा माशाच्या फुग्यापासून केलेला पदार्थ वापरतात, हे त्याच काउंटरवर कळलं, तेव्हा त्याला आपल्या व्रताची दुहेरी खात्री पटली.

रात्री वॉटकिन्स ग्लेनला जेवलो. या गावची घळ प्रसिद्ध आहे. तीन किलोमीटरच्या वाटेत एकोणीस धबधबे आणि कातळाच्या पानापानांतून झिरपणारं पाणी. घळ पाहून भूक लागली होती. तळ्याच्या काठचं हॉटेल, शुक्रवार, आणि सगळ्या टेबलांवर तळलेला मासा. मी कौतुकाने विचारलं, या तळ्यातला ना? वाढणारी बाई हसली. हॅडक, अटलांटिक समुद्रातला. कॅथलिक लोक शुक्रवारी मांस वर्ज्य करत, त्यातून 'फ्रायडे फिश फ्राय'ची चाल पडली. पुढे धर्म सैल झाला तरी मासा राहिला. आपल्याकडच्या कित्येक उपासांचंही पदार्थांपुरतंच उरलंय, तेव्हा मी काय बोलणार! दादाच्या ताटात आले मिठाचे बटाटे. जवळच्या सिरॅक्यूजला मिठागरं होती. तिथले आयरिश मजूर बारके बटाटे खारवणीच्या उकळत्या कढईतच टाकत आणि तेच दुपारचं जेवण. सालीवर मिठाची पांढरी साय धरते, आत बटाटा लोण्यासारखा. सोबत भाजलेला भोपळा, मका, घेवडा. या तिघांना हौडेनोशौनी 'तीन बहिणी' म्हणतात. मक्याच्या ताटाला घेवडा चढतो, भोपळ्याची पानं जमीन झाकून तण रोखतात आणि घेवडा जमिनीला नत्र देतो. दादा म्हणाला, "आंतरपीक. आपल्याकडे आता राहिलंय कुठे?" तीन दिवसांतलं त्याचं सगळ्यांत आवडतं जेवण हेच ठरलं.

दुसऱ्या दिवशी सेनेकाच्या पश्चिम काठाने वर निघालो. हिमरॉड नावाच्या वस्तीवरून गाडी पुढे गेली आणि दादा ओरडला, "थांब, थांब!" तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं, चार घरं आणि एक चौक. पण इथल्याच जिनिव्हा गावच्या कृषी संशोधन केंद्राने १९५२ साली काढलेल्या बिनबियांच्या द्राक्षाला या वस्तीचं नाव दिलंय, हे भाचीने आदल्या रात्री सांगितलं होतं. त्या हिमरॉडच्या आईबापांपैकी एक थॉमसन सीडलेस. म्हणजे नाशिकच्या निम्म्या बागांची पूर्वज. दादाने पाटीखाली उभं राहून फोटो काढून घेतला. याआधी नायगारा पाहायला गेलो तेव्हा तो काढू दिला नव्हता.

पेन यान गावाजवळ रस्त्याच्या कडेला घोड्यांच्या काळ्या बग्ग्या दिसू लागल्या. हे मेनोनाइट पंथाचे शेतकरी. यांच्यातले जुन्या वळणाचे लोक मोटार चालवत नाहीत; ही कुटुंबं गेल्या पन्नासेक वर्षांत पेन्सिल्व्हेनियातून इथे जमिनी घेत आली. एका बाजूला चाळीस डॉलरची वाइन, दुसऱ्या बाजूला टांगा आणि दोरीवर वाळणारे निळे-जांभळे झगे. त्यांच्या दुकानातून भोपळे घेतले. हिशोब पाटीवर पेन्सिलीने झाला.

क्यूका तळं इंग्रजी वाय अक्षरासारखं, म्हणजे दादाच्या भाषेत 'वाय ट्रेलिस'सारखं आहे. त्याच्या दक्षिण टोकाला हॅमंड्सपोर्ट. १८२९ च्या सुमारास इथल्या विल्यम बोस्टविक या पाद्रीबुवांनी घरामागे कटॉबा आणि इझाबेलाच्या काड्या लावल्या, तिथून इथली द्राक्षशेती सुरू झाली. म्हणजे आमच्या बंगलोर ब्लूची सख्खी मावशी या परसात होती! तीस वर्षांत इथे वाइनचे कारखाने उभे राहिले, तेही सगळे अमेरिकन द्राक्षांवर. युरोपातली द्राक्षं पूर्व अमेरिकेत लावायचा प्रयत्न दोन-अडीचशे वर्षं चालू होता आणि प्रत्येक वेळी वेली मरत होत्या. कोणी थंडीला दोष दिला, कोणी मातीला. खरे मारेकरी इथलेच होते. मुळं खाणारा फिलॉक्सेरा, भुरी आणि डाऊनी, म्हणजे केवडा. अमेरिकन वेली यांच्याबरोबर लाखो वर्षं नांदल्या, त्यांना सवय होती. युरोपीय वेलीला यांची ओळखच नव्हती.

आणि मग हे पाहुणे उलट्या दिशेने गेले. १८४५ मध्ये भुरी इंग्लंडात दिसली, १८६० च्या दशकात फिलॉक्सेराने फ्रान्सचे मळे पोखरले, १८७८ मध्ये डाऊनी पोहोचली. डाऊनीवर फ्रेंचांना मोरचूद-चुन्याचं औषध सापडलं, तेच आपलं बोर्डो मिश्रण. फिलॉक्सेरावर सापडलेला उपाय तर अजब होता. रोग ज्या देशातून आला त्याच देशाची मुळं आणा आणि त्यावर आपल्या वेलीचं कलम करा. आज नाशिक-सांगलीतला शेतकरी सहज 'डॉगरीजवर थॉमसन बांधलंय' म्हणतो, ती डॉगरीज टेक्ससकडच्या जंगली वेलीची. आपल्याकडे तिचं मोल पाण्याच्या ताणाला आणि खारवट जमिनीला टिकते म्हणून. दादाने हा सगळा वृत्तांत ऐकला आणि थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "म्हणजे रोगही यांचा, खुंटही यांचा. मधलं तेवढं आपलं."

हॅमंड्सपोर्टच्या वर, तळ्याच्या पश्चिम उतारावर डॉक्टर कॉन्स्टँटिन फ्रँक यांची वायनरी आहे. युक्रेनमधल्या ओडेसाजवळचा हा द्राक्षतज्ज्ञ १९५१ साली बावन्नाव्या वर्षी अमेरिकेत उतरला. अनेक भाषा यायच्या, इंग्रजी मात्र येत नव्हती. जिनिव्हाच्या संशोधन केंद्रात त्याला झाडलोट-खुरपणीची कामं मिळाली. तो सांगत राहिला की युक्रेनमध्ये याहून वाईट थंडीत युरोपीय द्राक्षं पिकवली आहेत, फक्त खुंट योग्य हवा. कोण ऐकतो? ऐकलं ते चार्ल्स फूर्निए यांनी. ते फ्रान्सच्या शँपेन भागातले, इथल्या एका मोठ्या वाइन कंपनीचे प्रमुख. दोघांनी खुंटांचे हजारो प्रयोग केले. १९५७ च्या फेब्रुवारीत पारा शून्याखाली तिशीच्या आसपास गेला. कित्येक देशी वेली गारठून गेल्या आणि फ्रँकच्या कलमांवरचे रीसलिंगचे डोळे जिवंत निघाले. पुढे १९६२ मध्ये त्याने स्वतःची वायनरी काढली. आज आसपास शंभरावर वायनऱ्या आहेत. गच्चीतून तळ्याचा निळा फाटा दिसतो, पाहुणे फोटो काढतात. दादा मात्र खोडाजवळ बसून कलमाची गाठ चाचपत होता. "माणूस निगरगट्ट असणार," एवढाच त्याचा अभिप्राय.

शंभरावर वायनऱ्या होण्यामागे आणखी एक गोष्ट आहे. १९७० च्या दशकात मोठ्या कंपन्यांनी इथल्या शेतकऱ्यांची द्राक्षं घेणं कमी केलं आणि माल पडून राहू लागला. १९७६ साली राज्याने कायदा केला, की लहान शेतकऱ्याने आपल्याच द्राक्षांची वाइन करून थेट गिऱ्हाइकाला विकावी. टेस्टिंग रूम, त्यालगतची खानावळ, रविवारचं गाणं-बजावणं हे सगळं त्या कायद्याचं पीक. व्यापाऱ्याने हात वर केले की काय होतं हे दादाला समजावून सांगावं लागलं नाही. महाराष्ट्राचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ चं. नाशिकच्या गंगापूर धरणाकाठच्या वायनऱ्यांत शनिवारी जी गर्दी दिसते तिची मुळंही तशाच विचारात आहेत.

त्या दिवशीचं जेवण बुली हिल वायनरीच्या उपाहारगृहात झालं. बाटल्यांवर बोकडांची चित्रं का, ते विचारल्यावर कळलं. संस्थापक वॉल्टर टेलर हे इथल्या मोठ्या टेलर वाइन कंपनीच्या घराण्यातले. कंपनी वाइनमध्ये पाणी आणि बाहेरची वाइन मिसळते अशी जाहीर टीका केली म्हणून १९७० मध्ये घरच्याच कंपनीबाहेर पडावं लागलं. १९७७ मध्ये कोकाकोलाने ती कंपनी घेतली आणि वॉल्टर यांना स्वतःच्या बाटलीवर स्वतःचंच आडनाव लावायला कोर्टाने मनाई केली. मग त्यांनी लेबलांवरची नावं काळ्या शाईने खोडून बाटल्या विकल्या. एखाद्याला चिडवून जेरीस आणणं याला इंग्रजीत 'बोकड नेणं' म्हणतात; नाव नेलंत, बोकड नाही नेऊ शकलात, असा त्यांचा टोला. भाऊबंदकीची कहाणी म्हणून दादाने ती मन लावून ऐकली.

तिसऱ्या दिवशी नेपल्स गावात 'ग्रेप पाय' नावाचा द्राक्षांचा पदार्थ खाल्ला. पावलागणिक जांभळ्या पाट्या, घराघरासमोर टेबलं. कॉनकॉर्डचं साल बोटाने दाबलं की गर सटकन बाहेर येतो. गर शिजवायचा, गाळून बिया काढायच्या, मग साली परत त्यात घालायच्या आणि पिठाच्या पारीत भरून भाजायचं. चव जांभळाच्या आणि काळ्या मनुकांच्या मधली, पण तो कस्तुरी वास कायम. पारीत चरबी आहे की लोणी, अंडं लावलंय का, ही चौकशी भाचीने तीन टेबलांवर केली. चौथ्या टेबलावरच्या आजीबाईंनी दादाच्या माळेकडे पाहून स्वतःहून सांगितलं, "फक्त लोणी." त्याने दोन फोडी खाल्ल्या.

शेवटचा मुक्काम जिनिव्हा, सेनेकाचं उत्तर टोक. फ्रँक जिथे खुरपायचा ते संशोधन केंद्र इथलंच, १८८२ पासूनचं. गावाजवळच पूर्वी कनाडासेगा हे सेनेका लोकांचं मोठं गाव होतं. सप्टेंबर १७७९ मध्ये, आम्ही हिंडलो त्याच दिवसांत, जॉर्ज वॉशिंग्टनच्या हुकमावरून जनरल सलिव्हनची फौज याच तळ्याच्या काठाने चालत आली होती. बहुसंख्य हौडेनोशौनी इंग्रजांच्या बाजूने लढत होते, म्हणून त्यांचा अन्नसाठा संपवायचा होता. चाळीसहून जास्त गावं जाळली. उभा मका कापला, सफरचंद आणि पीचच्या बागा बुंध्यापासून तोडल्या. तळ्याच्या पूर्व काठावरच्या केंडाया गावाला तर सैनिक 'सफरचंदांचं गाव' म्हणत, इतकी तिथे झाडं होती. तो हिवाळा निर्वासितांनी नायगाराच्या किल्ल्याभोवती उपाशी काढला. कित्येक त्यातून उठले नाहीत. हौडेनोशौनी वॉशिंग्टनला 'गावं उद्ध्वस्त करणारा' म्हणत. सैनिक परत गेले ते या मातीची वर्णनं घेऊन, आणि मग मोजणीवाले आले.

"बाग तोडायला हात कसा उठला असेल," दादा म्हणाला. त्याने एकदा तेल्या रोगाने गेलेली डाळिंबं स्वतःच्या हाताने उपटली आहेत.

तळ्याकाठच्या वाटेवर एका झाडावर एक वेल चढली होती. कुणी लावलेली नव्हती, कुणी छाटलेली नव्हती. नदीकाठची रानद्राक्षं, मिरीपेक्षा जरा मोठे काळे मणी. जगातल्या कितीतरी खुंटांत हिचं रक्त आहे, भाची म्हणाली. दादाने एक मणी तोंडात टाकला आणि आंबटपणाने त्याचा डोळा लवला. मग त्याने एक पान धरलं, त्यावरून बोट फिरवलं आणि बोट उजेडात नेलं. काही नव्हतं.

तेवढ्यात पिंपळगावहून फोन आला. तिकडे रात्र होती. मुलगा म्हणत होता, दुपारपासून पाऊस लागलाय, उघडीप मिळाली की सकाळी बोर्डो मारू का?

"मार," दादा म्हणाला.